रविवारचा गळ आणि नाल्याचा मासा

रविवारी सकाळी पुण्यातील संगमाजवळ, बंडगार्डनच्या बंधाऱ्याखाली, दापोडी-बोपोडीच्या पुलांखाली किंवा मुंढव्याच्या बाजूला नदीकाठी गेले की गळ टाकून बसलेली माणसे दिसतात. हातात बांबूची काठी, नाहीतर नुसतेच बाटलीला गुंडाळलेले तंगूस. शेजारी डबीत गांडुळे किंवा मळलेल्या कणकेचा गोळा. यांपैकी कोणी आठवडाभर वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो, कोणी कंत्राटी सफाई कामगार असतो, कोणी रिक्षा ओढतो, कोणी बांधकामावर जातो. बरोबर वस्तीतली शाळकरी पोरे असतात. पवईच्या तलावावर क्लबाची वर्गणी भरून परदेशी रीळ लावून बसणाऱ्याला 'अँगलर' म्हणतात. त्याचा तो छंद ठरतो. संगमावर बसलेल्याला मात्र येणारे-जाणारे 'रिकामटेकडा' म्हणून मोकळे होतात.

वास्तविक पाहता हा रिकामा वेळ त्याला कोणी दान दिलेला नाही. कष्टकऱ्यांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झुंजीमुळे. सत्यशोधक चळवळीच्या या नेत्याने गिरणी कामगारांना उभे केले, वर्षानुवर्षे मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांना साप्ताहिक सुटी मान्य करावी लागली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रात मजूरमंत्री असताना १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. बाबासाहेबांनी गांधीवादावर टीका करताना एक मूलभूत मुद्दा मांडला होता. माणूस जनावरापेक्षा वेगळा ठरतो तो संस्कृतीमुळे, संस्कृतीला फुरसत लागते, आणि म्हणून लोकशाही समाजाने प्रत्येक नागरिकाला फुरसतीचे जीवन मिळेल अशी व्यवस्था केली पाहिजे. यंत्राला नावे ठेवणारे तत्त्वज्ञान गरिबाला कायम घाम गाळायला लावते, हा त्यांचा आक्षेप होता.

तेव्हा काठावर बसलेला तो कामगार आपली फुरसत जगतो आहे. तो त्याचा हक्क आहे. प्रश्न असा आहे की हा हक्क बजावताना त्याच्या पदरात काय पडते? ज्या पाण्यात तो गळ टाकतो ते पाणी कसले आहे? आणि जो मासा तो संध्याकाळी घरी नेतो, त्या माशात काय आहे?

जिच्यातून जगाला 'खुद्री' मिळाला ती नदी

मुळा-मुठा ही मत्स्यशास्त्राच्या इतिहासात नाव असलेली नदी आहे, हे पुणेकरांना फारसे ठाऊक नसते. कंपनी सरकारच्या नोकरीतील कर्नल विल्यम हेन्री साईक्स याने दख्खनच्या नद्यांतील मासे गोळा केले आणि १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. त्यातल्या कित्येक माशांची नावे त्याने इथल्या मासे धरणाऱ्यांच्या बोलीतूनच उचलली. खुद्री, शिंगाळा, टाकरी हे शब्द आज जगभरच्या शास्त्रग्रंथांत लॅटिन नावांचा भाग होऊन बसले आहेत. जगातले हौशी मासेमार ज्याच्यासाठी जीव टाकतात त्या दख्खनी महासीर माशाचे शास्त्रीय नाव आहे 'टोर खुद्री', आणि त्याचे पहिले वर्णन झाले ते पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. नाव साईक्सचे झाले, ज्ञान मात्र काठावरच्या अक्षरशत्रू समजल्या गेलेल्या माणसांचे होते.

आज शहरातल्या पट्ट्यात महासीरची आशा धरून कोणी गळ टाकत नाही. हाच मासा लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात पैदा करून दूरदूरच्या जलाशयांत सोडला गेला. ज्या नदीने त्याला जगात ओळख दिली, ती नदी त्याला पोसण्याच्या लायकीची उरली नाही.

मग गळाला लागते काय? मुख्यतः चिलापी. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला. कमी प्राणवायूत, गढूळ आणि घाण पाण्यात तो तग धरतो, भराभर वाढतो. त्याच्या जोडीला मरळ, आणि ज्याच्या पैदाशीवर देशात २००० सालापासून बंदी आहे तो आफ्रिकी मांगूर. मरळ आणि मांगूर यांना पाण्याबाहेरची हवा घेता येते. म्हणजे नदीत जे उरले आहे ते नदीचा श्वास कोंडला तरी जगू शकणारे आहे.

इथेच आपल्या लोकांची फसगत होते. काठावर सर्रास ऐकू येते, "पाणी खराब असते तर मासा जगला असता का?" हा समज मुळातून चुकीचा आहे. मासा जगतो म्हणजे त्याला लागणारा प्राणवायू कसाबसा मिळतो, एवढेच सिद्ध होते. तो मासा खाणाऱ्याच्या शरीराला काय होईल, याचे उत्तर त्याच्या जगण्यातून मिळत नाही.

मापदंड माशासाठी, माणसासाठी नाही

आणि गंमत अशी की सरकारी मापदंडही याच समजावर उभा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याच्या वापरानुसार वर्ग पाडले आहेत. मत्स्यजीवन आणि वन्यजीव यांच्यासाठी 'ड' वर्ग आहे. त्याच्या अटी तीनच आहेत. सामू ६.५ ते ८.५ असावा, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम असावा आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. संपले! शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांतल्या एकाही धातूचा या वर्गाच्या अटींत उल्लेख नाही. मासा मरू नये एवढी काळजी या मापदंडाने वाहिली आहे. तो मासा शिजवून लेकरांना वाढणाऱ्या आईची काळजी त्यात नाही.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले. पाण्याचे नमुने घेतले जातात, आकडे प्रसिद्ध होतात. दुसऱ्या बाजूला अन्नसुरक्षेच्या नियमांत मासळीतील जड धातूंच्या कमाल मर्यादा आहेत. परंतु त्या लागू होतात बाजारात विकल्या जाणाऱ्या मालाला. नदीतून गळाने काढून थेट चुलीवर चढलेला मासा ना पाण्याच्या खात्यात मोडतो, ना अन्नाच्या. दोन खात्यांच्या मधल्या फटीतून तो सरळ गरिबाच्या ताटात येतो.

विष येते कुठून

येथे नीट समजून घेतले पाहिजे. मुठेतली घाण प्रामुख्याने शहराच्या मैलापाण्याची आहे. खडकवासल्याचे धरण १८७९ चे. पावसाळा सोडला तर धरणाखाली मुठेला स्वतःचे पाणी जवळपास नसते. शहर धरणातून स्वच्छ पाणी उचलते आणि वापरलेले पाणी नाल्यावाटे नदीला परत करते. ही घाण पाण्यातला प्राणवायू खाते आणि रोगजंतू पसरवते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मुठेच्या गाळात शेवटचा उपाय म्हणून वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांनाही दाद न देणारी जनुके सापडली, आणि शहराच्या हद्दीत अशा जनुकांचे प्रमाण कितीतरी पटीने वाढलेले आढळले.

कारखान्यांचा वाटा येतो तो विशेषतः पवनेतून आणि मुळेतून. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीचा पट्टा देशातल्या मोठ्या वाहन उद्योगाचे केंद्र बनला. या उद्योगाने आपल्या हजारो माणसांना रोजगार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-उस्मानाबादकडून दुष्काळाने आणि जातीच्या जाचाने बाहेर पडलेला माणूस इथेच उभा राहिला. पण मोठ्या कारखान्याला लागणारा सुटा भाग छोट्या शेडमध्ये बनतो, तिथेच त्याच्यावर क्रोमियम-निकेल-जस्ताचा मुलामा चढतो, आणि धुण्याचे पाणी प्रक्रियेविना शेजारच्या नाल्यात सोडले की ते पवनेला मिळते. पवना दापोडीजवळ मुळेला आणि मुळा संगमवाडीला मुठेला. आळंदीला वारकऱ्यांच्या पायाशी इंद्रायणीवर साबणासारखा फेस तरंगतो, त्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

मैला आणि धातू यांत मोठा फरक आहे. जंतू उकळले की मरतात. धातू उकळून, तळून, मसाला लावून जात नाहीत. ते गाळात बसतात, गाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत आणि माशांतून माणसांत साचत जातात.

मैलापाणी रोखण्यासाठी २०१६ च्या जानेवारीत जपानच्या 'जायका' संस्थेबरोबर कर्जाचा करार झाला. सुमारे ९९० कोटींची योजना, ११ शुद्धीकरण केंद्रे, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. कामे प्रत्यक्ष जमिनीवर यायलाच वर्षांमागून वर्षे गेली. कारखान्यांबाबत तर गाडी उलटी फिरली. नदीपासून किती अंतरावर कोणता उद्योग असावा हे ठरवणारे नदी नियमन क्षेत्र धोरण राज्याने २००० साली आणले, २००९ मध्ये सुधारले आणि २०१५ मध्ये चक्क रद्द केले. उद्योगाला अडचण होते म्हणून! नदीला आणि नदीकाठच्या माणसाला होणारी अडचण कोणाच्या फाईलवर आली नाही.

मिनामाता आणि हडसन

माशातून माणसापर्यंत विष पोहोचते ही कल्पनेतली भीती नाही. जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कंपनी पारा मिसळलेले सांडपाणी समुद्राच्या उपसागरात सोडत होती. आधी मांजरे वेडीवाकडी होऊन मेली. मग कोळ्यांची मुले, बायामाणसे लुळी पडली. रोगाची अधिकृत नोंद झाली १९५६ साली, आणि कारण कंपनीचा पारा आहे हे सरकारने मान्य केले १९६८ साली. मधली बारा वर्षे मासे खाणारे मासे खातच राहिले. पहिला घाव बसला तो कोळी कुटुंबांवर, कारण त्यांच्या ताटात रोजचा मासा होता.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने सुमारे तीस वर्षे पीसीबी नावाची घातक रसायने सोडली. १९७६ साली राज्याने नदीच्या वरच्या पट्ट्यात मासेमारी बंद केली. १९९५ मध्ये 'धरा पण परत सोडा' या अटीवर ती खुली झाली. माशांच्या मांसाची तपासणी होते, कोणता मासा कोणी किती खावा याचे फलक काठावर लागतात, आणि २००९ ते २०१५ या काळात कंपनीच्या खर्चाने नदीतला गाळ उपसण्यात आला. तिथेही सगळे आलबेल नाही. फलक लावला म्हणून भुकेल्याचे पोट भरत नाही. पण निदान सरकारने नागरिकाला सांगितले, आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून पैसा वसूल केला.

आपल्याकडेही 'प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या खटल्यात देशाचा कायदा म्हणून मान्य केले आहे. मग मुळा-मुठेच्या काठावर एक साधा फलक लावायला कोणाचा हात अडला आहे?

आणि हा प्रश्न फक्त वस्तीपुरता आहे असे कोणी समजू नये. पुण्याचे हे पाणी भीमेतून उजनीला जाते. उजनीच्या जलाशयावर भिगवणच्या परिसरात शेकडो कुटुंबे जाळ्यावर पोट भरतात, आणि तिथली चिलापी पुन्हा पुण्याच्या बाजारात येते. पेठेतल्या आणि कोथरूडच्या माणसानेही याचा विचार करावा.

बंदी हे उत्तर नव्हे

असे काही लिहिले की प्रशासनाला एकच उपाय सुचतो, बंदी. काठीवाल्यांना हाकला, पोरांना दम द्या. आम्ही हे स्पष्टपणे नाकारतो. नाल्याचे तोंड उघडे ठेवायचे आणि गळ जप्त करायचा, हा न्याय नव्हे. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पुण्याच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाची पायाभरणी झाली. ४४ किलोमीटर काठ, हजारो कोटींचा खर्च, फिरायला मार्ग, बसायला बाक. या आखीव काठावर तंगूस घेऊन बसणाऱ्याला जागा आहे काय? की घाण होती तेव्हा काठ गरिबांचा, आणि सुशोभित झाल्यावर इतरांचा?

आपल्यातील काही मंडळी वेगळा आक्षेप घेतील. पंचशील स्वीकारलेल्या माणसाने मासे मारण्यात करमणूक शोधावी काय? प्रश्न योग्य आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा असा भेद स्पष्ट केला आहे. केवळ मजेखातर जीव घेणाऱ्याने या भेदाचा विचार जरूर करावा. परंतु संगमावर बसणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत करमणूक आणि कालवण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. दोन तासांची शांतता आणि रात्रीच्या भाकरीबरोबर फुकटचा रस्सा, अशी ती एकच गोष्ट आहे. महागाईत ज्याला मटण परवडत नाही त्याला उपदेश करण्याआधी त्याच्या ताटात काय पडते ते पाहिले पाहिजे.

काय करता येईल

तपासणी होईपर्यंत काही पथ्ये प्रत्येकाने पाळावीत. मेलेला किंवा पाण्यावर तडफडत तरंगणारा मासा कधीही उचलू नये, मग तो कितीही मोठा असो. नाल्याच्या तोंडाशी, फेसाळ किंवा रंगीत पाण्यात गळ टाकू नये. घासलेटचा किंवा औषधाचा वास येणारा, अंगावर जखमा असलेला मासा फेकून द्यावा. कल्ले, काळीज, आतडी खाऊ नयेत, कारण बरेचसे धातू तिथे जास्त साचतात. पारा मात्र मांसातच बसतो, तो साफ करून निघत नाही. म्हणून गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना शहरातल्या नदीचा मासा देऊ नये. त्यांच्या वाढत्या मेंदूला आणि शरीराला धोका सर्वाधिक असतो.

ही झाली स्वतःची काळजी. पण रोगाचे मूळ कारखान्याच्या पाईपात असताना पथ्य फक्त गरिबाने पाळायचे, हे आम्हाला मान्य नाही. म्हणून मागण्या अशा आहेत. पहिली, दापोडी, संगम, बंडगार्डन, मुंढवा आणि उजनी येथील माशांच्या मांसाची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तपासणी करावी आणि निकाल मराठीत जाहीर करावेत. दुसरी, कोणता मासा खाण्याजोगा आहे, कोणता नाही, हे चित्रांसह फलकावर लिहून काठावर लावावे. तिसरी, नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाला क्रमांक द्यावा आणि त्यात कोणाकोणाचे सांडपाणी येते त्याची यादी तिथेच लावावी. चौथी, नदीकाठ सुधार प्रकल्पात गळ टाकणाऱ्यांसाठी सुरक्षित पायऱ्या आणि मोकळी जागा राखून ठेवावी. पाचवी, दोषी कारखान्यांकडून वसूल झालेली भरपाई नदीकाठच्या वस्त्यांच्या आरोग्य तपासणीवर खर्च करावी.

या मागण्या मंत्रालयात आपोआप पोहोचणार नाहीत. बोपोडी, दापोडी, ताडीवाला रोड, येरवडा येथील विहारांतून आणि मंडळांतून कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घेतला पाहिजे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. आपल्या वस्तीजवळच्या नाल्यात कोणत्या उद्योगाला सांडपाणी सोडण्याची संमती आहे, त्याच्या तपासणीचे अहवाल काय सांगतात, हे दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. काठावर बसणाऱ्या तरुणांना कोणत्या दिवशी, किती वाजता पाण्याचा रंग बदलतो हे कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. ते वहीत लिहून ठेवा. साईक्सने काठावरच्या माणसांचे ज्ञान आपल्या नावावर नेले. या वेळी ते ज्ञान आपल्या नावाने, आपल्या हक्कासाठी वापरले गेले पाहिजे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन आपल्या पूर्वजांनी सांगितले की पाणी सर्वांचे आहे. आज त्याच महाडमध्ये औद्योगिक वसाहतीच्या रसायनांनी सावित्री नदीची दैना केली आहे, आणि पुण्यात मुळा-मुठेची. तेव्हा पाण्याला हात लावू दिला जात नव्हता. आज हात लावायला कोणी अडवत नाही, कारण ते पाणी आता अडवून ठेवण्यासारखेच उरलेले नाही. पाण्यावरचा हक्क म्हणजे स्वच्छ पाण्यावरचा हक्क, आणि त्या पाण्यातला मासा निर्धास्तपणे खाण्याचा हक्क. तो मिळाल्याशिवाय महाडचा लढा पुरा झाला असे म्हणता येणार नाही.